कोहळी झेलणारा गोलकीपर

रोज सकाळी मोटेला बैल जुंपायच्या आधी चंपत मळ्यातल्या झोपडीच्या छपरावर एक कोहळं फेकत असे. लाल भोपळ्याला वऱ्हाडात कोहळंच म्हणतात, आणि चंपतच्या मळ्यातली कोहळी कारंज्याच्या बाजारात नावाजलेली होती. कोहळं गवताच्या छपरावर धप्पकन पडायचं, कुठून उतरावं याचा विचार करत असल्यासारखं थोडं थांबायचं आणि मग एकदम गडगडत खाली यायचं. चंपत ते झेलायचा, छातीशी घट्ट धरायचा, पाऊल पुढे टाकायचा आणि समोरच्या मातीत अलगद ठेवायचा. मग पुन्हा एकदा. मग आणखी एकदा. छपराचं गवत त्या जागी कायम दबलेलं असे, आणि पावसाळ्यात नेमकं तिथूनच गळत असे.

"झाली का पूजा?" त्याची बायको प्रयागबाई चुलीपासून विचारायची. "बैल वाट पाहून राह्यले."

"आज एक बी सुटलं नाही."

"सुटत त कधीच नव्हतं. सुटण्याचं भेव हाये का आपल्याले?"

ते खरं होतं. चंपतच्या हातून कोहळं कधी सुटलं नव्हतं, आणि चेंडूही सुटला नव्हता. जे झालं होतं ते निराळंच होतं.

कामरगावच्या माळ्यांची कोहळी भरायची एक रीत होती. वेल तुडवले जाऊ नयेत म्हणून गाडी मळ्यात नेत नसत. ती बांधावर उभी असे. वेलांपासून बांधापर्यंत घरची माणसं ओळीनं उभी राहत आणि कोहळी हातोहात फेकत आणत. ओळीतला शेवटचा माणूस गाडीकडे पाठ करून उभा असे. त्याचं काम सगळ्यांत अवघड. कोहळं झेलायचं, त्याच झोकात कमरेतून वळायचं आणि मागच्या गाडीत, कडब्यावर, न पाहता ठेवायचं. तेही देठ वर करून. देठ मोडलं की कोहळं आतून सडायला लागतं. वळून पुन्हा तोंड फिरवावं तोवर पुढचं कोहळं हवेत आलेलं असे. झोक अडवायचा नाही, नुसता पुढे वाहू द्यायचा, म्हणजे हात दुखत नाहीत. चंपत मिसरूड फुटायच्या वयापासून या शेवटच्या जागी उभा होता. त्याचा थोरला भाऊ शालिग्राम त्याच्या आधीच्या जागेवरून कोहळं फेकायचा, आणि दोघांत एक शब्दही बोलला जात नसे. बोलायला वेळच नसे.

भगवंतराव मास्तर बदली होऊन कामरगावच्या शाळेत आले, तेव्हा १९२४ साल चालू होतं. मास्तर काही वर्षं मुंबईला राहून आलेले. तिथून त्यांनी बाकी काही आणलं नव्हतं, पण फुटबॉलचं वेड आणलं होतं. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर माणसं जमली की ते मुंबईच्या रोव्हर्स कपाच्या गोष्टी सांगत. हा कप सुरू होऊन तीसेक वर्षं झाली होती आणि त्यावर नावं कोरली होती ती सगळी गोऱ्या पलटणींची. आदल्याच वर्षी कलकत्त्याचा एक देशी संघ थेट शेवटच्या सामन्यापर्यंत गेला होता आणि तिथे हरला होता. मास्तर तो पराभव असा सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं हेही त्या मैदानावर होते. मग पडलेले चेहरे पाहून ते जुनी गोष्ट काढत: १९११ साली त्याच कलकत्त्याच्या पोरांनी अनवाणी खेळून गोऱ्यांकडून तिथली ढाल कशी जिंकली ती.

"हरले त मंग दुसऱ्या दिवशी खेळायचं," शालिग्राम म्हणाला होता.

"दुसरा दिवस नसतो, शालिग्राम. जिंकला तो पुढे, हरला तो घरी. पुढची संधी पुढच्या साली."

"म्हंजे कुस्तीच्या दंगलीवानी."

"अगदी तसंच. फक्त अकरा जणांनी एकदम पडायचं."

त्या रात्री जेवताना चंपतनं प्रयागबाईला विचारलं, की अनवाणी पायानं बुटाच्या पायाशी भिडताना त्या पोरांना भीती वाटली नसेल का. ती म्हणाली, "काट्याकुट्यात जन्म गेला आपला. तुमाले वाटते का कधी?"

पुढच्या वर्षी कारंज्याच्या कापसाच्या व्यापाऱ्यांनी आपल्याकडेही तशीच स्पर्धा भरवायचं ठरवलं. कापूस यायला दिवाळी उजाडते. पोळा झाल्यापासून तोवर जिनिंगचं आवार मोकळंच पडलेलं असतं. तेच मैदान. चारी बाजूंनी राखेच्या रेघा, दोन्ही टोकांना बांबूचे खांब. कारंज्याच्या कासाराकडून एक पितळी ढाल घडवून घेतली, आणि तिला नाव काही न देता लोक नुसतं ढालच म्हणू लागले. मंगरूळपीर, शेलूबाजार, वाशीम, जिथे म्हणून एक चेंडू आणि अकरा पोरं होती तिथून संघ आले.

कामरगावचा चेंडू दौलतरावांचा होता. दौलतराव म्हणजे गावातल्या मोठ्या शेतकऱ्याचा तरणाताठा मुलगा. अमरावतीहून चेंडू त्यांनीच आणला, म्हणून पुढारीपणही त्यांच्याकडेच. गोलात कोणाला उभं करावं हे काही त्यांना सुचेना. मास्तर एका सकाळी मळ्याच्या बांधावरून चालले होते. कोहळी भरणं चालू होतं. मास्तर थांबले आणि गाडी भरेपर्यंत तिथेच उभे राहिले.

"दौलतराव," ते संध्याकाळी म्हणाले, "गोलकीपर सापडला."

पहिलाच सामना शेलूबाजारशी. त्यांच्याकडे सेवालाल नावाचा उंच, लांब पायांचा खेळाडू होता. त्याची लाथ अशी, की चेंडू खांबाला लागला तर बांबू कितीतरी वेळ हलत राहायचा. सबंध दुपार तो चेंडू मारत होता आणि सबंध दुपार चंपत तो झेलत होता. खालून आलेला, वरून आलेला, कोपऱ्यातला. झेलला की लगेच दौलतरावांकडे फेकायचा. जिनिंगच्या भिंतीवर बसलेली माणसं शेवटी त्याच्या प्रत्येक झेलाला "भले बहाद्दर" म्हणू लागली होती. गोल अजून कोणाचाच नव्हता. चंपतचे हात आता तापले होते, आणि तापलेले हात विचारून काम करत नाहीत.

सेवालालनं लांबून एक उंच चेंडू टाकला. जोरही फार नव्हता. तो आला तो नेमका शालिग्रामच्या हातून यावा तसा, त्याच उंचीनं, त्याच वळणानं, जवळजवळ त्याच आकाराचा. चंपतनं तो झेलला. त्याच झोकात कमरेतून वळला. आणि मागे, राखेच्या रेघेपलीकडे, अलगद ठेवला. चेंडूच्या शिवणीची दोरी वर येईल असा, जसं देठ वर ठेवतात तसा. मग तो पुन्हा समोर वळला आणि पुढच्या कोहळ्यासाठी हात पसरून उभा राहिला.

सेवालालसुद्धा जागच्या जागी थांबला होता. मग शिट्टी वाजली. चंपतनं आधी शिट्टी वाजवणाऱ्याकडे पाहिलं, मग दौलतरावांकडे, आणि सगळ्यांत शेवटी मागे.

कामरगाव घरी गेलं.

परतीच्या गाडीत बरंच अंतर गेल्यावर दौलतराव म्हणाले, "काहून बे चंपत? गाडी भरून राह्यला व्हता का तू?"

"हातानंच केलं, दौलतराव. मले कळलंच नाही."

"तुह्या हाताले मंग घरीच ठेव. पुढच्या साली गोलात तू नाही." ते इतकं हळू म्हणाले, की रागावले असते तर बरं झालं असतं असं चंपतला वाटलं.

मास्तर गाडीच्या मागच्या टोकाला बसले होते. "झेल एकही सुटला नाही," ते म्हणाले. कोणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही.

गोष्ट बाजारात पोचायला वेळ लागला नाही. चंपत कारंज्याला भाजी घेऊन गेला की ओळीनं बसलेले भाजीवाले ओरडायचे, "अरे चंपत, माल मांगं नको ठेवू गड्या, शेलूबाजारवाले घेऊन जातीन!" कोहळी विकत घेणाऱ्या बायादेखील हसू दाबत विचारायच्या, "झेलूनशान देतं का भाऊ?" चंपत हसून घ्यायचा. भाव करायचा, माल द्यायचा, घरी यायचा. पण रात्री मळ्यात पाणी द्यायला बसला की तो आपल्या हातांकडे पाहत बसे, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत आणि राहायला त्याच्याकडे आलेत.

त्याला पुन्हा एकदा गोलात उभं राहायचं होतं. ढाल मिळावी असंही त्याच्या मनात नव्हतं. फक्त तसाच एक चेंडू यावा आणि या हातांनी तो समोर ठेवावा, एवढंच.

तेव्हाच छपरावर कोहळं फेकणं सुरू झालं. झेलायचं, छातीशी धरायचं, पुढे व्हायचं. सकाळी ते नीट जमायचं. पण उन्हं चढून गाडी भरायची वेळ आली की शालिग्राम कोहळी फेकू लागायचा आणि चंपतची कंबर आपोआप वळायची. छपराखाली शिकलेलं गाडी पुसून टाकायची. त्यानं एकदा झोक मध्येच अडवून पाहिला, तर कोहळं हातात असतानाच पुढचं येऊन छातीवर बसलं आणि दोन्ही फुटली.

"खेळ करतं का इथं?" शालिग्राम ओरडला. "पोट भरायचं का चेंडू झेलायचे?"

चंपत खाली बसून फुटलेल्या फोडी गोळा करू लागला. "दादा, तू म्हणतं ते खरं हाये. सोडून देतो."

प्रयागबाई ओळीत मध्यभागी उभी होती. ती बांधावर आली. गाडीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, मग पुन्हा गाडीकडे.

"गाडी ह्यायच्या मांगंच काहून पायजे?" ती म्हणाली.

"आं?"

"गाडी मांगं हाये म्हणून मांगं ठेवतेत. समोर आना गाडी. इकडून, बाजूनं. ह्यायनं झेलायचं अन् समोर होऊन ठेवायचं."

"आजापंजापासून गाडी मांगंच हाये, प्रयागा," शालिग्राम म्हणाला.

"त आजापंजाले कुठं गोलात उभं राहायचं व्हतं, भाऊजी?"

शालिग्रामला हसू आलं, आणि हसल्यावर त्याचा नाइलाज झाला. बैल सोडून गाडी फिरवली. ती आता ओळीच्या शेवटी नाही, तर ओळीच्या बाजूला, चंपतच्या पुढ्यात तिरपी उभी होती. पहिले काही दिवस सगळ्या घराचं ताळतंत्र सुटलं. जुना झोक जाईना, हात दुखू लागले, कोहळी चाकावर आपटू लागली. फुटलेल्या कोहळ्यांचं करायचं काय? भाजी झाली, घारगे झाले, पुन्हा भाजी झाली. शेजारीपाजारी घारगे खाऊन गेले आणि चंपतच्या फुटबॉलला त्यांनी मनापासून आशीर्वाद दिले. शालिग्राम पानात पाहून म्हणायचा, "आज बी गोल झाला वाटते."

मग हळूहळू ओळीला नवी लय सापडली. चंपतनं झेल घेतला की पाऊल आपोआप पुढे पडू लागलं. कंबर वळायचं विसरली.

पुढच्या पोळ्यानंतर स्पर्धा जवळ आली. दौलतरावांनी गोलासाठी बापूराव नावाच्या एका धिप्पाड गड्याला धरलं होतं. मास्तरांनी वाद घातला नाही. ते दौलतरावांना फक्त एवढंच म्हणाले, की सकाळी फिरायला माझ्यासोबत चला. ते त्यांना मळ्याच्या बांधावर घेऊन आले. कोहळी भरणं चालू होतं.

दौलतराव बराच वेळ पाहत उभे राहिले. मग त्यांनी जोडे काढले, धोतर खोचलं आणि मळ्यात उतरले.

"शालिग्राम, सरक. मले फेकू दे."

"अवो, तुमी कायले..."

"सरक म्हणलं ना."

त्यांनी पहिलं कोहळं जपून फेकलं. चंपतनं झेललं, पुढे झाला, ठेवलं. दुसरं जोरात. तिसरं मुद्दाम डोक्याच्या वर. चौथं पायाशी. चंपतनं वाकून झेललं, पुढे झाला, ठेवलं. दौलतरावांना घाम फुटला, आणि ओल्या हातांतून काही कोहळी त्यांच्याच पायाशी निसटून फुटली. मग ते थांबले आणि एक कोहळं हातात घेऊन त्यांनी ते हळूच, उंच टाकलं. सेवालालनं टाकला होता अगदी तसं.

ओळीतली सगळी माणसं थांबली होती. प्रयागबाईनं पदर तोंडाशी धरला.

चंपतनं ते झेललं. छातीशी धरलं. आणि समोर गाडीत ठेवलं, देठ वर करून.

दौलतराव हात झटकत बांधावर आले. "बापूरावले काय सांगू आता?" ते मास्तरांना म्हणाले. मग वळून चंपतला, "उद्या कारंज्याच्या गाडीत बस. अन् फुटले किती कोहळे माह्या हातानं?"

"तीनचार झाले असतीन," प्रयागबाई म्हणाली. "घारगे खाऊनच जा."

त्या वर्षी पहिला सामना मंगरूळपीरशी झाला आणि कामरगाव जिंकलं. दुसरा शेलूबाजारशी. जिनिंगच्या भिंतीवर माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि चंपत गोलात जाऊन उभा राहताच एकजात ओरडू लागली, "मांगं ठेव, चंपत! मांगं ठेव!" भाजीबाजारातले ओळखीचे गळे त्यांत सगळ्यांत पुढे होते. सेवालाल यंदाही होता. तो हसला नाही; चांगला खेळणारा माणूस दुसऱ्याच्या चुकीवर हसत नाही.

दौलतरावांनी पूर्वार्धातच गोल केला. त्यानंतर शेलूबाजारवाले कामरगावच्या गोलासमोरून हललेच नाहीत. चंपतच्या हातांची साल निघाली. ऊन उतरू लागलं. आणि मग तोच चेंडू आला, उंच, सावकाश. सेवालालनं त्या वेळी मुद्दाम केलं का, हे चंपतनं त्याला पुढे कधीतरी बाजारात विचारलंही. सेवालाल म्हणाला, मुद्दामच.

झेल चंपतच्या हातात बसला आणि त्याला कमरेत जुनी ओढ जाणवली. ती गेली नव्हती. तिथेच होती, म्हाताऱ्या बैलाला जुनी वाट आठवावी तशी. भिंतीवरचा आवाज वाढला. चंपतनं चेंडू छातीशी धरला. त्याच्या डोळ्यांसमोर गाडी आली, तिरपी, पुढ्यात उभी, कडबा पसरलेली. त्यानं पाऊल पुढे टाकलं. आणखी एक टाकलं. आणि चेंडू दौलतरावांकडे फेकला.

भिंतीवरच्या माणसांतलाच एक भाजीवाला, वर्षभर सगळ्यांत जास्त ओरडलेला, उठून उभा राहिला आणि त्यानं डोक्यावरचा पटका काढून हवेत उडवला.

ढाल त्या वर्षी कामरगावला मिळाली नाही. शेवटच्या सामन्यात कारंज्यानं हरवलं. चेंडू बांबूला लागून आत गेला, त्यात कोणी काही करू शकलं नसतं. पण परतताना गाडीत दौलतरावांनी चेंडू चंपतच्या मांडीवर ठेवला. "तुह्याच घरी राहू दे," ते म्हणाले. तो तिथेच राहिला. चंपत त्याला तेल लावायचा आणि शिंक्यात टांगून ठेवायचा. पुढे दोनदा ढालही कामरगावला आली. दोन्ही वेळा गोलात चंपतच होता. त्याचं शरीर जड झाल्यावर दौलतरावांनी एका तरण्या पोराला गोलात उभं केलं, ते चंपतला विचारून. आणि त्या पोराला आधी एक हंगाम कोहळी भरायला मळ्यात पाठवलं.

१९३७ साली मुंबईचा रोव्हर्स कप पहिल्यांदा देशी संघानं जिंकला. बंगळूरचा संघ होता. मास्तर तोवर निवृत्त होऊन कारंज्याला राहत होते. वर्तमानपत्र घेऊन ते बैलगाडीतून मळ्यात आले, धापा टाकत, आणि चंपतसमोर बसून त्यांनी बातमी सगळी वाचून दाखवली. इतकी वर्षं सांगितलेल्या गोष्टीचा शेवट सापडला होता.

चंपतनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "गोलात कोण व्हतं, गुरुजी?"

मास्तरांनी बातमी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली. "गोल कोणी मारला ते आहे," ते म्हणाले. "गोलकीपरचं नाव नाही दिलं."

"असू द्या," चंपत म्हणाला. "व्हतं कोणीतरी." आणि त्यानं मास्तरांच्या गाडीत त्या वर्षीचं सगळ्यांत मोठं कोहळं ठेवलं.

लढाईच्या वर्षांत कारंज्याची ढाल बंद पडली. पण कामरगावच्या मळ्यांत गाडी समोरच राहिली. आधी चंपतच्या, मग शालिग्रामच्या मुलांच्या, मग शेजाऱ्यांच्या. असं भरल्यानं कमरा दुखत नाहीत, असं लोक एकमेकांना सांगत. गाडी का फिरवली, हे नव्या सुनांना कोणी सांगितलं तर त्यांना ती थट्टाच वाटे. छपरावर कोहळं फेकणं चंपतनं काही सोडलं नाही. पन्नाशी उलटून गेली तरी नाही. प्रयागबाई त्या जागी दर उन्हाळ्यात नवं गवत बसवायची आणि पावसाळ्यात ते पुन्हा गळायचं.

१९४८च्या पोळ्यानंतरची सकाळ होती. कोहळी भरणं चालू होतं. चंपत दम लागतो म्हणून बांधावर बसला होता आणि त्याच्या जागेवर त्याची सून कस्तुराबाई उभी होती. तिचा हात चांगला होता. झेलायची, पुढे व्हायची, ठेवायची. गाडी अर्धी भरली असेल. एक कोहळं तिनं घाईत आडवं ठेवलं. चंपत उठून गाडीपाशी गेला, ते सरळ केलं आणि परत येऊन बाभळीला टेकून बसला. तसाच, टेकलेलाच, तो गेला. गाडी भरून होईपर्यंत कोणाच्या लक्षातही आलं नाही. कोहळं सरळ करताना तो कस्तुराबाईला म्हणाला होता,

"देठ वर ठेव व बाई. मोडलं का मंग टिकत नाही."